पहिलं फूल कोणाचं

कॅनडातल्या रेजिनात पाऊस कमी, वारा फार, आणि एप्रिलमध्येही माती अशी की पाय आपटला तर पायच दुखावा. तिथे बर्फ वितळताच फुलणारं काहीतरी लावायचंच, हा माझा हट्ट. पहिल्या वर्षी ट्यूलिपचे कंद लावले आणि नागपूरच्या सवयीने रोज आंघोळ झाली की तुळशीसारखं तांब्याभर पाणी घातलं. सगळे कुजले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं आयुष्य शेतावर गेलेलं. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "तुझ्या लाडानं मेले ते. इथलं झाड लाव आणि विसरून जा."

विसरणं माझ्या स्वभावात नाही, पण पाणी तोडलं. प्रेअरी क्रोकस या इथल्या रानफुलाची तीन रोपं ड्राइव्हवेच्या कडेला खडीत लावली. पुढच्या वसंतात नुसती पानं आली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. जन्मभर पहाटे लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडून पूजा केलेली बाई! इथे फुलाऐवजी देवाला रोज अक्षता वाहायच्या आणि रोज मला तसं ऐकवायच्या.

एप्रिलमध्ये खडीतून एक लोकरी कळी वर आली. मी दिवसातून दहादा बघून यायचे. शनिवारी चहा घेऊन गेले, तर नुसता देठ! जांभळं फूल देवघरात, बाळकृष्णाच्या डोक्यावर.

"आई, दोन वर्षं वाट बघितली मी त्याची!"

"अगं, पहिलं फूल देवाचंच असतं ना?"

"लावलं मी. देवाने नाही!"

बोलून बसले खरी. मग दोन दिवस घरात मिठा-तिखटापुरतंच बोलणं. राग उतरेना, आणि लाजही वाटत होती.

तिसऱ्या सकाळी खिडकीतून पाहिलं, तर साडीवर नवऱ्याचं जॅकेट चढवून सासूबाई खडीत वाकलेल्या. आणखी दोन फुलं उमलली होती. त्यांचा हात धरायला मी चपलांवरच धावले.

हातात फूल नव्हतं. खडीत ताम्हन, ताम्हनात बाळकृष्ण, आणि त्याला गळ्यापर्यंत माझ्या मुलीचा बाळपणीचा लोकरी मोजा.

"तोडलं नाही गं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, फूल आत यायचं नाही, तर यालाच बाहेर आणावं. त्यालाच म्हणत होते, लवकर बघून घे रे बाळा, थंडी आहे."

मी आत जाऊन अक्षता घेऊन आले.