सवलतनाना

ज्यांनी तोवर कधी कुणाला कसलीच सवलत दिली नव्हती, त्यांचं नाव आमच्या गावाने सवलतनाना ठेवलं होतं. पोरांचा खट्याळपणा, दुसरं काय! ते नाव नानांच्या कानावर जायचं, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. "सवलत एष्टीत मिलते," ते म्हणायचे. "अर्ध्या तिकिटात पेणला जा, रोह्याला जा. खाडी कुणाला अर्ध्या तिकिटात सोडत नाय."

आमचं गाव पेण तालुक्यातलं, खाडीच्या काठावरचं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी आणि मधे मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती बांधाच्या माथ्यापर्यंत चढते. त्या वेळी बांध कुठे झिरपायला लागला तर तिथे लगोलग चिखल आणि पेंढा भरावा लागतो. नाहीतर बघता बघता खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. म्हणून मोठ्या उधाणाला घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, ही गावाची जुनी रीत. नाना दारोदार फिरून माणसं काढायचे. हे काम त्यांना कुणी दिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक कुणीच दिलं नसावं.

अंगणात उभे राहून ते एकदा खाकरायचे. आत यायचे नाहीत, पाणी प्यायचे नाहीत. वैशाखात एका घरी हळद होती. मांडव घातलेला, बायका गाणी म्हणताहेत, नवरा मुलगा पिवळाधमक होऊन पाटावर बसलेला, आणि नेमकं त्याच दुपारी उधाण. नाना मांडवाच्या दाराशी येऊन खाकरले. गाणी थांबली. कुणीतरी म्हणालं, "नाना, आज तरी या घराला सोडा." नानांनी जरा विचार केला. "नवरा ठेवा," ते म्हणाले, "नवऱ्याचा बाप द्या." मग नवऱ्याचा बाप नवा सदरा काढून बनियनवर बांधावर गेला आणि चिखलाने माखून परत आला. आमच्याकडे त्यावर कितीतरी दिवस हसणं चालू होतं.

आमच्या घरावर पाळी आली तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. त्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. ते घराबाहेर पडायला तयार नसत. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. श्रावणातल्या उधाणाला नाना अंगणात खाकरले आणि आईचा तोल गेला.

"नाना, माणूस अंथरुणात हाय. घरात मी आनि ही पोरं. या घराला पन सवलत नाय काय?"

"नाय."

"मग मी येते. चला."

"तू नको," नाना म्हणाले. "बापूला आन."

आई त्यांना काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना खाली मान घालून सगळं ऐकत राहिले. ती दमल्यावर त्यांनी दोन माणसांना हाक मारली, वडिलांना खुर्चीसकट उचललं आणि बांधावर नेऊन बसवलं. समोर पाण्यात एक बांबू रोवला होता. नानांनी त्याचं एक पेर बोटाने दाखवलं. "बापू, पानी हितं आला की हाक मार. बाकी काय करू नको." मी वडिलांच्या खुर्चीचा पाय धरून बसले होते. खुर्ची घसरेल, वडील पाण्यात पडतील, या भीतीने तो सोडतच नव्हते. पाणी त्या पेराला लागलं आणि वडिलांनी हाक मारली. वेडीवाकडी, घशातून फुटलेली हाक. पण बांधावरची सगळी माणसं त्या हाकेसरशी धावली. संध्याकाळी आई त्यांच्या पायांचा चिखल धूत होती आणि ते तिला कुठे किती पाणी चढलं होतं ते अडखळत सांगत होते. इतके दिवस ते एवढं बोललेच नव्हते. पुढच्या उधाणाला आईने त्यांचा शर्ट आधीच काढून ठेवला. मी नानांवर मनापासून प्रेम करायला लागले ते त्या दिवसापासून.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं होतं की आजारी माणसाच्या घराला तरी सूट का नाही. ते म्हणाले, "एकदा घर सोडला ना गो, मग दुसऱ्या येलेला त्या घराची आठवन पन होत नाय."

यावरून कुणाला वाटेल की नाना मोठे धीट, खमके. मुळीच नाही. त्यांच्याइतका घाबरट माणूस मी पाहिला नाही. उधाणाच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहून ते भरतीची वेळ पुन्हा पुन्हा वाचायचे, जणू मधल्या वेळात ती बदलली असेल. बांधावरून अनवाणी चालताना पायाखाली माती जरा मऊ लागली की त्यांचा चेहरा उतरायचा. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, एवढंसं बीळ दिसलं तरी तिथेच उकिडवे बसून मुठीने दाबत राहायचे. लहानपणी त्यांनी पलीकडच्या गावाचा बांध फुटताना पाहिला होता. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच म्हणायचे, "आवाज नाय होत गो. लोकांना वाटतं आवाज होतो."

माझं लग्न होऊन मी रोह्याला आले आणि गावाकडे दिवस पालटले. तरुण मुलं डोलवीला कंपनीत लागली, काही नागोठण्याला. ठेकेदाराकडची कामं, आज आहे उद्या नाही अशी. एका पावसाळ्याच्या तोंडावर गावाची बैठक बसली. वडिलांच्या मागे घर सांभाळणारा माझा भाऊच उठून म्हणाला, "नाना, शिफ्ट चुकवली तर दुसऱ्या दिवशी गेटवरनं परत पाठवतात. ज्यांची शिफ्ट आसंल त्या घरांना तेवढी सवलत द्या." त्याचं काही चुकत नव्हतं. सगळे नानांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "पोरांच्या पोटावर पाय नाय देऊ शकत मी. द्या." भाऊ सांगतो, तेवढं बोलून ते बैठकीतून उठले आणि बांधाकडे गेले.

नारळी पौर्णिमेला मी भावाला राखी बांधायला माहेरी गेले. तो सकाळीच शिफ्टला गेला होता. दुपारी भरती होती. आई म्हणाली, आपल्या घराला सवलत आहे. पण मला बसवेना. आम्ही दोघी बांधावर गेलो. तिथे बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. ज्यांना शिफ्ट होती ते आले नव्हते, हे ठीक. पण ज्यांना शिफ्ट नव्हती तेही आले नव्हते. याला सवलत, मग मलाच का जायचं, असा हिशोब प्रत्येकाने घरबसल्या केला होता. नाना बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पळत होते. वाटेत मी दिसले तर म्हणाले, "तू कशी आलीस गो? तुजा घर तर सुटलाय." उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

झिरपा सापडला तेव्हा चिखल पोचवायला हात पुरले नाहीत. आम्ही बायकांनी पेंढ्याच्या पेंढ्या टाकल्या, त्या वाहून गेल्या. बांध मधोमध खचला आणि खारं पाणी हिरव्यागार भातात आरामात, घाई न करता शिरलं. आवाज झाला नाही. नाना मांडीभर पाण्यात उभे होते. मला वाटलं ते आता गावाला शिव्या देतील. ते एवढंच म्हणाले, "सवलत मी दिली." चूक तुमची नाही, असं भावाने नंतर पाया पडून सांगितलं, गावाने सांगितलं, पण त्यांनी ते कधी मागे घेतलं नाही.

पुढे हिवाळ्यात बांध घातला खरा, पण नानांची छाती दुखायला लागली होती आणि त्यांची मुलगी त्यांना रोह्याला घेऊन आली. तिचं घर माझ्या घरामागच्याच गल्लीत. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा फुटला आणि या वेळी कुणी तो परत घालायला गेलंच नाही. आता त्या खाचरांत खाऱ्या पाण्यातल्या तिवरांची झाडं वाढली आहेत. ही गोष्ट नानांना सांगायची नाही, अशी मुलीने सगळ्यांना ताकीद दिली होती. डॉक्टरांनीच बजावलं होतं.

त्यामुळे दर उधाणाच्या दिवशी मला धडकी भरायची. नाना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून माझी वाट बघत. मी पोचले की पहिला प्रश्न, "गेली होती का गो मानसं?" मी म्हणायचे, "व्हय नाना, सगळी." त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा आणि त्यांनी पुढचं काही विचारायच्या आत मी चहा ठेवायला उठायचे.

गेल्या भाद्रपदात मात्र त्यांनी माझा हात धरून मला बसवलं. "कोन कोन गेला? घरं सांग." मी वरच्या आळीपासून सुरुवात केली, लहानपणी पाठ झालेली घरं होती तशी. अमक्याकडून थोरला, तमक्याकडून सून. नाना डोळे मिटून ऐकत होते, एकेका नावाला मान हलवत होते. मला वाटलं, निभावलं. मी म्हणाले, "आणि पिंपळाजवळच्या घरातून धर्माकाका."

मान हलायची थांबली. नानांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"धर्मा गेला गो गेल्या साली," ते हळूच म्हणाले. "तूच आलेलीस मना सांगाला. त्याला तरी सवलत दे."

मला हुंदका आवरेना. नानांनी माझा हात सोडला नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

"ऱ्हायलेली घरं सांग," ते म्हणाले.

आणि मी पुढची घरं सांगू लागले.