खांद्यावरचा हात

फ्लेक्सच्या फ्रेम ठोकणाऱ्या काकांमुळे लाखनीत माझ्या डोक्यावरचं छप्पर राहिलं. हे आधीच लिहून ठेवतो. कारण भाऊंविषयी लिहायला घेतलं की भाऊंचाच चेहरा मोठा होत जातो आणि बाकीचे कडेला सरकतात.

भाऊ म्हणजे माझे मालक. हायवेला लागून त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी इचलकरंजीचा, नववीत शाळा सोडलेला. मामेभाऊ छपाईची मशीन बसवायला इकडे आला, त्याच्याबरोबर मी आलो. तो परत गेला, मी राहिलो. दुकानामागच्या खोलीत झोपायचं आणि दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे कापायचे. माझ्यासारख्याला असं बसून करायचं काम कोण देतं? भाऊंनी दिलं. पहिल्या दिवशी तर स्वतःच्या डब्यातलं वाढलं. ते मी विसरलेलो नाही. विसरायची सोयही नव्हती, कारण भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा आला तवा याले माउस पकडता येत नोता. मीनं घडवलं याले." माउस मला येत होता. पण मी मान हलवायचो.

डिझाइन जमलं की ते भाऊंचं, बिघडलं की माझं. एकदा एक गिऱ्हाईक माझं कौतुक करून गेलं, तर भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या चपलेच्या आवाजावरून मी दिवस ओळखायला शिकलो. त्यांच्या वाढदिवसाला आम्हीच त्यांचा वीस फुटी फ्लेक्स छापायचो. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, त्यातल्या अर्ध्यांना पत्ताही नसायचा. काका तोंडात खिळे धरून पट्ट्या ठोकत असायचे. एका वर्षी खिळे हातात काढून म्हणाले, "एवढे शुभेच्छुक, आन केक खाले आपन तिघंच!"

पुढे कधीतरी मोबाइलवर एका डॉक्टरांचा व्हिडिओ पाहिला. काही माणसांना कौतुकाची भूक असते, ती भागतच नाही. टीका सोसत नाही. समोरच्याचं दुःख दिसत नाही. त्याला एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, मी तीनदा ऐकला. हे तर भाऊच, असं वाटून जरा गारही वाटलं. पण डॉक्टर शेवटी म्हणाले, व्हिडिओ बघून कुणाला आजारी ठरवू नका. त्यात मीही सकाळी स्वतःचा फोटो टाकून दुपारपर्यंत दहादा पाहत होतोच. आणि दुकानात येणारा प्रत्येक जण सांगायचा, "माहा फोटो जरा मोठा घे." म्हणून तो शब्द मी कुणाला सांगितला नाही.

मग भाऊंचे वडील गेले. लाखनीजवळच्याच त्यांच्या गावात म्हाताऱ्याचं नाव होतं ते शंकरपटामुळे. बैलांच्या शर्यतीत त्यांची जोडी मैदान मारायची. तेरवीसाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा होता. भाऊंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"बाबांसंग माहा फोटो टाक."

"कुठलाय, भाऊ?"

"नाहीच हाये. बनव. त्याहिचा हात माह्या खांद्यावर पायजे."

त्यांनी वडिलांच्या फोटोंची पिशवी दिली. एकूण एक फोटोत म्हातारा होता आणि बैल होते. शेवटी हात नीट दिसेल असा एक सापडला. तोही बैलाच्या पाठीवर होता.

"भाऊ, हा हात बैलावर आहे."

"मंग? हात बाबाचाच हाये ना?"

मी हात कापला आणि भाऊंच्या खांद्यावर ठेवला. एरवी ते शंभर सूचना करतात. त्या दिवशी एकच केली. हळूच म्हणाले, "आजून जवळ घे."

घाईत माझ्याकडून एक राहिलं. बोटांमध्ये कासरा होता, म्हणजे बैल हाकायची दोरी. स्क्रीनवर ती नखाएवढी दिसत होती, मला ती सदऱ्याची दुमड वाटली. मोठ्या फ्लेक्सवर ती चांगली हातभर झाली.

गावातल्या तेरवीच्या मांडवात ती पहिल्यांदा दिसली ती पटाच्या लोकांना.

"अरे, म्हाताऱ्यानं मेल्यावरबी कासरा नाई सोडला!"

"जोडीतला दुसरा कोनता बे?"

पंगतीत हसू पसरलं. भाऊंचा चेहरा मी पाहिला, आणि आता माझी पिशवी रस्त्यावर येणार हे मला कळलं. घरी सांगितलेलं होतं की माझं इकडे बस्तान बसलंय. परत जाऊन काय सांगणार होतो?

"कोनाचं काम हाये हे?" भाऊ माझ्या अंगावर आले.

माझ्या आधी काका बोलले. "भाऊ, फ्लेक्स मीनं ठोकला. दोरी दिसली होती मले. याले सांगाले पायजे होतं, नाई सांगितलं. चूक माही."

"माह्या दुकानाची पायरी चढू नोका आता."

काका हातोडी घेऊन गेले. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी तो फ्लेक्स दुकानात जमिनीवर पसरला. कडेला उकिडवे बसले. मला वाटलं, फाडतील. ते म्हणाले, "दोरी काढ. लहान छाप. घरातल्या कपाटात लावाचा हाये, आतल्या बाजूनं." इतक्या वर्षांत भाऊंनी स्वतःचा असा फोटो पहिल्यांदाच छापून घेतला, जो कुणाला दिसणार नव्हता. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली नाही.

आठवड्यानं मी त्याच गावात काकांच्या घरी गेलो. अंगणात ते बांबूची शिडी बांधत होते.

"काका, दोरी माझ्याकडनं राहिली होती."

"मालूम हाये बे. मले जवळचं खिळ्याचं टोक दिसत नाई, तुही दोरी कुठून दिसन?"

"मग का बोललात तसं?"

"मांडवापासून माहं घर वीस पावलं. तुहं किती?"

मी शिडीचं दुसरं टोक धरलं. ते शिडीची गाठ आवळत म्हणाले, "त्याच्यावर राग नोको धरू. त्याचा बाप बैलाइले नावानं हाक मारे. याले नुसतं 'अबे' म्हने."

भाऊंनी अजून काकांना परत बोलावलेलं नाही आणि मी अजून खरं सांगितलेलं नाही. दुसरा फ्रेमवाला येतो, तो बोलत नाही. रोज सकाळी चपलेचा आवाज आला की मी स्क्रीनकडे वळतो. पण काका, एवढं मी करीन. आधी तुम्हाला चष्मा करून देईन. मग खोलीतलं सामान पिशवीत भरून तयार ठेवीन, आणि भाऊंपुढे उभा राहून सांगेन की कासरा माझ्या हातून राहिला होता. ठेवलं तर ठेवतील. नाही ठेवलं, तर जिथं जाईन तिथं मी पहिली फ्रेम ठोकायला तुम्हालाच बोलावीन.