ऑपरेटरसह

तीन विद्यापीठांनी मिळून काढलेल्या त्या पदार्थ-संशोधन केंद्रात काम करणारी माणसं थोडीच. बाकी सगळे प्रमुख. एक संचालक. उपसंचालक तीन, कारण एकच नेमला असता तर उरलेली दोन विद्यापीठं रुसून बसली असती. चार गट, दर गटाला दोन समन्वयक, आणि समन्वयकांचं आपसात पटावं म्हणून आणखी एक. दाराशी टांगलेल्या तक्त्यावर या सगळ्यांचे चौकोन होते. भट्टीवाल्या बाईंना चौकोन नव्हता. तळाशी, 'सामायिक सुविधा' या मथळ्याखाली, एक ओळ होती : 'नळीची भट्टी, ऑपरेटरसह.'

त्या 'सह'मध्ये बाईंची बावीस वर्षं गेली. चारही गटांचे नमुने त्याच भाजायच्या. भट्टीचा काटा चाळीस अंश जास्त दाखवतो, हे फक्त त्यांनाच ठाऊक, म्हणून नमुने नीट निघायचे. शोधनिबंधांवर नावं मात्र चौकोनवाल्यांची. एकालाही लाज म्हणून नव्हती.

मग नवी भट्टी आली आणि जुनी भंगारात निघाली. भंगाराच्या यादीवर संचालकांनी डोळे झाकून सही ठोकली. आठवड्याने बाईंच्या हातात पत्र पडलं : भट्टी, ऑपरेटरसह, सेवेतून कमी. पेन्शनला तीन वर्षं उरलेली, घरी अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण. बाई तडक संचालकांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, मी काय भट्टी आहे?"

"छे हो! कारकुनी चूक आहे ती," संचालक चष्मा पुसत म्हणाले. "पण दुरुस्त करायची तर तिन्ही विद्यापीठांची संमती लागते. मंगळवारच्या बैठकीत घेऊ."

बैठकीत सात शहाण्यांची उपसमिती नेमली गेली. तिने पाच बैठका अक्कल पाजळली. माणूस परत घ्यायचा म्हणजे जाहिरात आली, मुलाखती आल्या. यंत्र मात्र एका फॉर्मवर इकडचं तिकडे जातं! तेव्हा बाईंना नव्या भट्टीला जोडावं, असं ठरलं. संचालकांनी स्वतः फॉर्म पुढे केला.

"बघा, मार्ग निघतोच आपल्याकडे," ते खूश होऊन म्हणाले.

बाईंनी फॉर्म शब्द न् शब्द वाचला. 'यंत्राची स्थिती : चालू, नादुरुस्त की भंगार?' संताप गिळून त्यांनी 'चालू'वर खूण केली. पुढचा रकाना होता, 'उरलेलं आयुष्य'. त्यात त्यांनी लिहिलं, 'तीन वर्षं.'

संचालकांनी खाली 'यंत्र तपासलं' असं लिहून सही केली.