रिकामं बसकर

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेला आज तीन मजले आहेत. सुरू झाली तेव्हा एकच खोली होती, तीही मोठ्या बाईंच्या घरातली. मोठ्या बाई सरकारी शाळेतून निवृत्त झाल्या, घरात बसवेना, म्हणून त्यांनी बाहेरची खोली मोकळी केली आणि पेठेतली अकरा मुलं गोळा केली. मी मैंदर्गीहून लग्न होऊन नुकतीच त्याच गल्लीत आले होते. डी.एड. झालेलं, हाताला काम नाही आणि जिभेला विश्रांती नाही. "सासूचं डोकं खाण्यापेक्षा पोरांना शिकव की," असं बाई म्हणाल्या, आणि मी शाळेची पहिली शिक्षिका झाले.

बसायला काही नव्हतं. एका मुलीचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. विणताना चूक झालेल्या चादरी कापून त्यांनी तुकड्यांचं एक गाठोडं आणून दिलं. प्रत्येक मुलाला एकेक बसकर झालं. कुणाचं फुलांचं, कुणाचं चौकड्यांचं, कुणाचं मोराचं. एका मोराला मानच नव्हती आणि नेमका तोच सगळ्यांना हवा होता. एकदा मिळालेलं बसकर चौथी होईपर्यंत त्या मुलाचंच.

त्यातून एक रीत पडली. मूल आलं नाही तरी शेजारच्यानं त्याचं बसकर त्याच्या जागी अंथरायचं आणि त्यावर कुणी बसायचं नाही. दोन दिवस ते रिकामं राहिलं तर तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेजारची दोन मुलं आणि मी त्याच्या घरी हजर. ताप असेल तर बघून यायचं, मामाकडे गेला असेल तर कधी येणार ते विचारायचं, आणि नुसता आळस असेल तर तिथंच दप्तर भरायला लावायचं. मी हजेरीही तशीच घ्यायचे. जमिनीवर नजर फिरवायची, जितकी बसकरं रिकामी तितके गैरहजर. नावं पुकारत कोण बसतंय, असा माझा तोरा होता.

पहिली मुलं चौथीत गेली आणि पाचवीच्या मान्यतेचा प्रश्न आला. मान्यता मिळाली नाही तर मुलं चार दिशांना पांगणार होती. त्यातल्या तीन मुलींच्या घरून तर स्पष्ट सांगितलं होतं, गल्लीत पाचवी निघाली तर शिकवू, नाहीतर चौथी पुष्कळ झाली. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर मी बाकांचा हट्ट धरला. मुलं चादरीच्या तुकड्यांवर बसलेली बघून ते काय म्हणतील?

"आहे तसं दिसू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "उसना रुबाब टिकत नसतो."

मी ऐकते कसली. मागच्या गल्लीतल्या शिकवणीवाल्यांची बाकं एका दिवसापुरती आणली, मुलांना उंचीप्रमाणे बसवलं आणि बसकरं गुंडाळून ट्रंकेत घातली.

साहेबांनी आल्या आल्या हजेरीपत्रक मागितलं. मी सवयीनं खाली बघितलं. रिकामं बसकर एकही दिसलं नाही, म्हणून सगळ्यांना हजर लावून पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. एक कमी भरत होतं.

"मान्यतेसाठी खोटी हजेरी, बाई?" ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या तीन मुली समोरच्या बाकावर बसल्या होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मोठ्या बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, ते तर फारच लागलं.

तेवढ्यात त्या तिघींतली एक, मागावरच्या त्या वडिलांची मुलगी, उभी राहिली. "साहेब, बाई खोटं न्हाईत लिहीत. आज बसकर आंथरलंच न्हाई, मग त्यान्ला कळणार कसं?"

साहेबांना काही उमजेना. तिनं सरळ ट्रंक उघडली. पाच मिनिटांत बाकं भिंतीला लागली आणि मुलं आपापल्या जागी बसली. मधोमध बिनमानेचा मोर तेवढा रिकामा राहिला.

"इथं कोण बसतं?"

"माझी मैत्रीण. काल आलती, आज आली न्हाई."

"आणि उद्याही नाही आली तर?"

"मग परवा आमी बाईंसंगं तिच्या घरी जाणार."

साहेबांनी मला तांबड्या शाईनं नोंद दुरुस्त करायला लावली, खाली सही घेतली आणि अर्धा तास मुलांना गणितं घातली. शेऱ्यात लिहिलं, बाके लवकर घ्यावीत, आणि त्याखाली मान्यतेची शिफारस. जाताना मला म्हणाले, "नावं पुकारत जा." तेव्हापासून मी रोज पुकारली. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आता बाकं परत पोचवायचं बघ."

पाचवी आली, मग वरचा मजला, मग शेजारचं घर, मग दहावी. त्या तिघी इथंच दहावी झाल्या, याचा मला अजून आनंद वाटतो. मोठ्या बाई आता नाहीत. सगळ्या वर्गांत बाकं आहेत, बसकरं फक्त बालवाडीत उरली. शेवटची काही वर्षं मी तिथंच होते आणि मुलांनी मलाही एक बसकर नेमून दिलं होतं.

मागच्या वर्षी निवृत्त झाले. शाल-नारळ घेऊन घरी आले आणि म्हटलं, सुटले एकदाची. शाळा उघडली तेव्हा पहिले दोन दिवस उशिरा उठले. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात मोठ्या गटातली दोन मुलं आणि त्यांच्यामागे अवघडून उभ्या नव्या बाई. "मी समजावलं हो, पण ऐकेनात," त्या म्हणाल्या.

"तुमचं बसकर दोन दिस रिकामं हाय," एक मुलगा म्हणाला. "ताप आलाय व्हय?"

मला रडू आवरेना. "न्हाई रे," मी म्हटलं, "नुसता आळस."

"मग दप्तर भरा की," तो म्हणाला, आणि मी भरेपर्यंत दोघं दारातून हलली नाहीत.