सैतानाची शेपटी

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की सैतानाला शेपटी नसते. सत्तरच्या दशकात, चिंचवडच्या आमच्या कारखान्यात, ही बातमी मला शेपटी शिवून झाल्यावर कळली.

नाताळच्या नाटकात मी सैतान होतो. नाटक बसवलं होतं टूलरूममधल्या नगरकडच्या ख्रिस्ती फिटरने. मी मशीनच्या जुन्या पट्ट्याची शेपटी केली, पुठ्ठ्याची शिंगं केली. सगळं कँटीन किंचाळावं, एवढीच माझी इच्छा होती.

फिटर म्हणाला, "राव, ही शिंगं लोकांच्या डोक्यातली. पवित्र शास्त्रात तो प्रकाशाच्या दूताचं सोंग घेऊन येतो. वचनं त्याला तोंडपाठ. उपाशी येशूला जगातली राज्यं दाखवतो आणि म्हणतो, मला नमन कर, सगळं तुझं."

"मग लोक घाबरणार कसे?"

"घाबरले तर त्याचं काम कसं होणार?"

कुरकुरत मी लग्नातला सूट घातला आणि केस चापून बसवले. प्रयोगाला कोणीही किंचाळलं नाही. पहिल्या रांगेत आमचा टेंपररी वेल्डर बसला होता. कायम करावं लागू नये म्हणून सहा वर्षं त्याला दर सातव्या महिन्याला कामावरून ब्रेक देऊन पुन्हा नवा म्हणून घेत होते, आणि पुढचा ब्रेक त्याच आठवड्यात होता. मी येशूसमोर हात पसरले आणि मधाळ आवाजात म्हणालो, "फक्त एकदा मला नमस्कार कर. हे सगळं तुझं."

वेल्डर उभाच राहिला. "साहेब, आधी पर्मनंटची ऑर्डर दाखवा, मग नमस्कार."