पिंपळमळ्याचे मालक

सामना ऐन रंगात आला की मालक मैदानाकडे पाठ करून उभे राहत. हात मागे बांधलेले, मान किंचित खाली, नजर समोरच्या बाभळीवर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, या माणसाला खेळाचा कंटाळा आला असावा. खरं तर ते ऐकत असत. चढाईला गेलेल्याचा दम ऐकून तो कोण आहे, किती आत शिरलाय, सुटून येणार की अडकणार, हे ते सांगत आणि सहसा चुकत नसत. बघितलं की तोंडातून ओरडा निघतो आणि पोरं बिथरतात, त्यापेक्षा पाठ केलेली बरी, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळा गाव त्यांना मालकच म्हणे. बायको हयात होती तेव्हा तीही. चिंचवडच्या पलीकडे त्यांचं वडिलोपार्जित रान होतं, त्याला पिंपळमळा म्हणत. साठ सालानंतर कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, त्यात हाही मळा गेला. विहीर बुजली, पिंपळ तुटला आणि तिथे एका मोठ्या कंपनीची शेड उभी राहिली. मालकांनी मग नट-बोल्टांचं एक लहानसं वर्कशॉप काढलं, आणि रस्त्याकडेला जमिनीचा जो तुकडा उरला होता त्यावर कबड्डीचं मैदान आखलं. संघाला नाव दिलं पिंपळमळा. सातबाऱ्यावरून पुसलेलं नाव आमच्या बनियनवर आलं. ते बनियन कुणी चुलीजवळ वाळत घातलं तरी मालकांना खपत नसे.

मी मूळचा तिकडचा नव्हे. माझे वडील बीडकडून कामाच्या शोधात पिंपरीला आले आणि आम्ही रेल्वेलाइनीच्या कडेच्या वस्तीत वाढलो. वस्तीत जयंतीला कबड्डीचे सामने होत, तिथे मालकांनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी सायकल मारत घरी आले. माझ्या आईला म्हणाले, पोरगं मला द्या, लेथ शिकवतो आणि संध्याकाळी खेळवतो. आईने विचारलं, खेळून काय मिळणार? मालक खरं बोलले. म्हणाले, "ते मला बी म्हाईत न्हाई, माय. पन पोरगं चांगलं हाय."

अशी त्यांनी आम्ही बारा पोरं गोळा केली होती. गावातली, वस्तीतली, कोकणातून आलेली. पहाटे मैदानावर पाणी मारायला ते स्वतः हजर असत. माती चाळून घेत, खडा राहिला तर आमच्या आधी त्यांच्याच पायाला टोचत असावा. पंचाशी कुणी हुज्जत घातली की तिथे काही बोलत नसत. घरी परतताना फक्त म्हणत, "दम धरायचा आसतो गड्या, द्यायचा नसतो." आमचा कोपरारक्षक महादू जरा तापट होता, त्याला हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागे.

एकदा मावळातल्या एका गावी आम्ही सामने खेळायला गेलो होतो. जेवणाच्या वेळी मला आणि आणखी एकाला गोठ्याच्या बाजूला वेगळी पानं मांडली होती. मालकांनी ते पाहिलं, आपलं ताट उचललं आणि आमच्याजवळ येऊन बसले. मग एकेक करत सगळा संघ तिकडे आला. मालक यजमानांना म्हणाले, आमटी जरा इकडं फिरवा. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पण हेही सांगायला हवं, की मालकांच्या स्वतःच्या घरी, त्यांच्या आई होत्या तोवर, मी ओसरीच्या आत कधी गेलो नाही आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता ज्या गोष्टीमुळे मालक बदनाम झाले, तिच्याकडे येतो.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो होतो. सामना बघायला एका कंपनीची माणसं येणार होती. त्यांना स्वतःचा संघ उभा करायचा होता, आणि चांगल्या खेळाडूंना कायमची नोकरी मिळणार अशी बोलवा होती. कायमची नोकरी म्हणजे काय, हे त्या वेळच्या आमच्या घरांनाच विचारावं. आणि चार दिवस आधी माझा गुडघा मुरगळला. संघाचा मुख्य चढाईपटू मी. माझ्याशिवाय आम्ही हरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

माझा मावसभाऊ भीमा नगरकडे खेळायचा. माझ्याहून सरस होता आणि अंगापिंडाने माझ्यासारखाच. तेव्हा फोटोची ओळखपत्रं नव्हती. यादीत नाव असायचं आणि पुकारलं की हात वर करायचा. मी लंगडत वर्कशॉपवर गेलो आणि मालकांना म्हणालो, भीमाला बोलावतो, तो माझ्या नावाने खेळेल. मालकांनी सरळ नाही म्हटलं. मी पुन्हा गेलो. बाकीच्या अकरांचा विचार करा म्हणालो. मनात मात्र माझा विचार होता. भीमाच्या चढाया माझ्या नावावर लागल्या असत्या आणि नोकरीही. मालक बराच वेळ लेथच्या कडेला उभे होते. शेवटी म्हणाले, "एकदाच. पुन्हा हा विषय काढू नगंस."

सामन्याच्या दिवशी मला मैदानावर दिसायची सोय नव्हती. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागे बसून राहिलो. भोंग्यावरून माझं नाव पुकारत होते. वसंताने दोन गडी टिपले, वसंताने लोण चढवला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी थंड झालेला चहा हातात धरून बसलो होतो. आम्ही जिंकलो. पण गर्दीत नगरचा एक माणूस होता, त्याने भीमाला ओळखलं. चषक मालकांच्या हातात दिला होता, तो तासाभरात परत मागून घेतला.

आठवड्याने एका शाळेच्या वर्गात चौकशी झाली. आत जाण्याआधी मालकांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, तू तापाने घरी पडून होतास आणि तुला काही ठाऊक नव्हतं, एवढंच सांग. मी तेवढंच सांगितलं. मग मालक उभे राहिले आणि म्हणाले, "डोस्कं माझं, पाप बी माझं. पोरास्नी कायबी म्हाईत न्हवतं." महादू माझ्या शेजारी बसला होता. तो खाली जमिनीकडे पाहत राहिला.

जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेने मालकांवर जन्मभरासाठी बंदी घातली. त्यांना कुठल्याही संघात कुठलंही पद घेता येणार नाही, कुठल्या सामन्याच्या मैदानावर पाऊल टाकता येणार नाही, आणि पिंपळमळा संघ त्यांच्या हातात आहे तोवर त्यालाही खेळता येणार नाही.

मग माणसं तुटत गेली. शाळेच्या खेळांच्या बक्षिसाला मालकांना बोलावत, ते थांबलं. उरुसाच्या कुस्त्यांना त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत असे, ती कुणी मांडली नाही. बाजारात एका पानवाल्याने विचारलं, "काय मालक, आज कुणाच्या नावानं आलात?" लोक हसले. मालकही थोडं हसले, पण त्यानंतर ते भाजी आणायला सायकलवरून पार देहूरोडला जाऊ लागले. पहाटे मैदानावर पाणी मारणं मात्र चालूच होतं. खेळायला कुणी येत नसे. कामावर येताना मला ती ओली, गुळगुळीत माती दिसायची, आणि तिच्यावर फक्त मालकांच्या अनवाणी पावलांचे ठसे.

तीनेक महिन्यांनी, सामना बघायला आलेल्या त्या कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर वर्कशॉपवर आले. सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, कंपनी संघ विकत घ्यायला तयार आहे. नोंदणी आणि मैदानही घेईल, चांगली किंमत देईल, आणि सात खेळाडूंना नोकरी. मालकांनी मला कप्तान म्हणून शेजारी बसवलं होतं. त्यांनी विचारलं, सातच का? ऑफिसर म्हणाले, मैदानात सातच लागतात. मालक म्हणाले, "सायेब, ही काय वांगी न्हाईत निवडून घ्यायला. बारा घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत मालकांनी किमतीचा आकडा सोडून दिला आणि त्याच्या बदल्यात उरलेल्या पाच जणांच्या नोकऱ्या मागितल्या. ऑफिसरना ते मान्य करून घ्यायला वेळ लागला, पण त्यांनी केलं. कागद पुढे आला तेव्हा मालकांनी एकच गोष्ट विचारली. कंपनीच्या नावापुढे पिंपळमळा हे नाव राहील का? ऑफिसर खजील झाले. म्हणाले, ते माझ्या हातात नाही. मालकांनी मान हलवली आणि मोठ्या, वळणदार अक्षरांत सही केली. मग स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा सांगायला गेले. जरा जास्तच वेळ बाहेर राहिले.

गावात बोललं गेलं, की मालकांनी पोरं विकून पैसा केला. खरं काय ते आम्हा बारा जणांना ठाऊक होतं. आम्ही बोललो नाही. आमच्या शिफ्ट सुरू झाल्या होत्या, हातात नवे बूट, नवा बनियन, कँटीनचं जेवण. कुणाचं लग्न ठरत होतं, कुणी स्कूटरला नंबर लावला होता. कंपनीच्या नावाने आमचा पहिला सामना होता, त्या दिवशी मालक तारेच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे होते. मी त्यांना पाहिलं. जाऊन दोन शब्द बोलता आले असते. सामन्यानंतर जाऊ, असं मनाशी म्हटलं. सामना संपला तेव्हा रस्ता रिकामा होता.

पुढे वर्कशॉप बंद पडलं. मालक तळेगाव दाभाड्याला मुलीकडे राहायला गेले. मैदानावर कंपनीने सायकल स्टँड केला. सहा वर्षं अशी गेली. मग कळलं, की मालकांना दम्याने घेरलंय आणि ते फारसे उठत नाहीत. एका रविवारी मी एकटाच लोकलने तळेगावला गेलो.

मुलीने दार उघडलं आणि मला सरळ आतल्या खोलीत नेलं. मालक पलंगावर उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी आधी गुडघ्याची चौकशी केली. मी तिथे जे बोलायचं ठरवून गेलो होतो, ते एका दमात बोलून टाकलं. ती कल्पना माझी होती, मी संघटनेला तसं लिहून देतो, तुमची बंदी उठवायला लावतो. मालकांनी ऐकून घेतलं.

"कल्पना तुजी व्हती," ते म्हणाले. "पन हो कोन म्हनलं? मी म्हनलो. त्याचा कागद तू कशाला लिहितोस?"

खिडकीतून रेल्वेची शिटी ऐकू आली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंदीचं मला कायबी वाटलं न्हाई, वसंता. केलं व्हतं, भोगलं. पन सहा वर्सांत एकबी पोरगं आलं न्हाई. सनाला, सुदीला, कुनीबी न्हाई. आदी आदी मी लेकीला सांगायचो, च्याचं आधन जरा जास्तीच ठेव."

पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन येतो, एवढं म्हणून मी निघालो.

बारा जणांना एकत्र करणं सोपं नव्हतं. कुणाला ओव्हरटाइम, कुणाचं मूल आजारी. दोन रविवार हुकले. तिसऱ्या रविवारी आम्ही आठ जण गेलो. मालकांना मुलीने नवं धोतर नेसवून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. आमची पोटं सुटली होती, केस विरळ झाले होते. दोघांना त्यांनी ओळखलं नाही. कोण कुठल्या खात्यात आहे, कुठली मशीन चालवतो, पोरं किती, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. जुन्या सामन्यांचा विषय ना त्यांनी काढला ना आम्ही. चहा झाला, पोहे झाले. निघताना एकेक जण पाया पडला. महादूला त्यांनी वाकू दिलं नाही, दंडाला धरून उभं केलं आणि तसंच धरून ठेवलं, बराच वेळ.

परतीची गाडी रिकामी होती. आम्ही आठ जण समोरासमोर बसलो. देहूरोड गेल्यावर मला राहवलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, की भीमाला बोलवायचं मीच काढलं होतं, मालक नाही म्हणत होते, आणि चौकशीत मी खोटं बोललो.

कुणी दचकलं नाही. महादू खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "आमाला म्हाईत हाय की. तू लंगडत दोनदा वर्कशॉपवर गेलास, ते सगळ्यांनी बघितलं व्हतं."

मी विचारलं, मग सहा वर्षं कुणी काही बोललं का नाही? त्या माणसाकडे एकदाही कुणी का गेलं नाही?

"तिथं जाऊन त्येंच्या तोंडाकडं कसं बघायचं?" महादू म्हणाला. "नोकरी तर आमीबी घेतलीच ना."

मालक त्या उन्हाळ्यात गेले. निरोप मला कारखान्यात दुसऱ्या पाळीत मिळाला. सुपरवायझरने रजेचा अर्ज पुढे केला आणि कोण वारलं म्हणून विचारलं. अर्जात नातं लिहायची एक रिकामी जागा होती. मी पेन हातात घेऊन थांबलो. तो म्हणाला, लवकर लिहा, लाइन थांबलीय. मी ती जागा तशीच सोडली, खाली सही केली आणि निघालो.