आईचा दुसरा हात

त्या दिवसांत मला देवाचाच काय, स्वतःचाही आधार वाटत नव्हता. मेंदूविज्ञान हा माझा अभ्यासविषय. माणूस ज्याला ‘मी ठरवले’ म्हणतो, ते मेंदूत आधीच ठरलेले असते, असे मी आत्मविश्वासाने मांडत असे. मग औशाहून आईला नांदेडच्या रुग्णालयात आणावे लागले आणि ठरवणे माझ्यावरच आले. मेंदूतील गाठीमुळे तिचा उजवा हात व वाचा गेली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण आई पूर्वीचीच राहील याची खात्री नाही, असे डॉक्टर म्हणाले. सकाळपर्यंत उत्तर हवे होते. वडील नाहीत, भावंड नाही. शोधनिबंध वाचून डोळे शिणले. ‘पूर्वीची आई’ म्हणजे नेमके काय, ते कोठेच सापडले नाही.

संध्याकाळी शेजारच्या खाटेपाशी, सुनेच्या सोबतीला आलेल्या कंधारकडच्या आजी पौर्णिमेची पांढरी साडी नेसून बुद्धवंदनेला बसल्या. त्यांचा घसा बसला होता. “माय, तू म्हन, मी मागनं म्हनते,” त्या मला म्हणाल्या. लहानपणी घरी रोज म्हटलेली वंदना मी कित्येक वर्षांत म्हटली नव्हती. पण नाही म्हणण्याचेही त्राण नव्हते. पंचशील म्हणताना प्रथमच जाणवले की यात आज्ञा देणारा कोणीच नाही. कायमचा ‘मी’ न मानणाऱ्या धम्माने शील घेणे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवले आहे.

तेवढ्यात आईचा डावा हात छातीपाशी उठला आणि एकटाच थबकला. आजींनी उठून आपला तळवा त्याला जोडला. मग सहज म्हणाल्या, “आपरेशनचं तिला इचारलंस का, माय?”

विचारले नव्हते. आई कोण याचा एवढा विचार केला, पण ती समोरच होती. मी वाकून सारे सांगितले, ती बदलू शकते हेही. होकार असेल तर हात दाब, म्हटले. तिने दाबला आणि बराच वेळ सोडला नाही.

शस्त्रक्रिया झाली. अतिदक्षता विभागातून आम्ही दोघी परतलो तेव्हा आजींच्या सुनेची खाट रिकामी होती. आभार मानायचे राहिलेच. आईला माझे नाव अजून सापडत नाही. ती पूर्वीचीच आहे का, तो होकार नेमका कोणाचा होता, हे मी आता तपासत नाही. सकाळी वंदनेला ती डावा हात उचलते आणि थांबते. मी तिच्या उजवीकडे बसून माझा हात जोडते.